मेटाल्डिहाइडच्या गोळ्या: शंखी मरते, तिची वाट मात्र उघडीच राहते

नाशिकच्या कृषी सेवा केंद्रात ‘गोगलगायीचं औषध’ मागितलं की दुकानदार बहुधा एकच वस्तू पुढे करतो: मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या. ‘स्नेलकिल’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलंय. घटक आणि टक्केवारी तीच असेल तर दुसऱ्या कंपनीचा माल घेतल्याने फार बिघडत नाही. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या गोळीचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. कोरड्या रात्री, ओलसर जमिनीवर, मोजून टाकली तर गोळी आपलं काम करते. झडीच्या पावसात टाकली तर पैसे चिखलात. आणि गोगलगाय ज्या वाटेने बागेत शिरली ती वाट तशीच ठेवून कितीही पुडे आणले, तरी दर मृगाला दुकानाची पायरी चढावीच लागते. म्हणून खाली गोळीइतकीच जागा गोगलगायीच्या प्रवासालाही दिली आहे. तो प्रवास कळला नाही तर गोळी कुठे टाकायची हेच कळत नाही.

आधी ओळख पटवा

सगळ्या गोगलगायी मारायच्या नसतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात, म्हणजे त्र्यंबक-इगतपुरीकडे, पालापाचोळ्यात राहणाऱ्या कितीतरी स्थानिक जाती आहेत. त्या कुजलेलं खातात आणि पिकाच्या वाटेला जात नाहीत. कुंडीखाली सापडणारी छोटी, चपटी, चकचकीत तपकिरी गोगलगाय वेगळी. पाठीवर शंख नसलेली ती शेंबी, ती आणखी वेगळी.

आपला मुद्दा आहे तो मोठ्या शंखी गोगलगायीचा, म्हणजे आफ्रिकन राक्षसी गोगलगायीचा. शास्त्रीय नाव लिस्साचाटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत अचाटिना फुलिका म्हणून सापडेल. पूर्ण वाढलेला शंख साधारण पाच ते दहा सेंटिमीटर भरतो, क्वचित वीसपर्यंत जातो. आकार उंच शंकूसारखा, वेढे सात ते नऊ, फिकट अंगावर उभे तपकिरी ओघळ.

पिल्लू असेल तर आकारावरून फसगत होते. तेव्हा रिकामा शंख हातात घ्या आणि तोंड आपल्याकडे करून आत पाहा. वेढे ज्या मधल्या खांबाभोवती फिरतात तो खांब खालच्या टोकाला तिरका छाटल्यासारखा अचानक संपलेला दिसेल. इतर बऱ्याच गोगलगायींत हा खांब तोंडाच्या कडेत सरळ मिसळून जातो. नखाएवढ्या पिल्लातही ही खूण दिसते, फक्त उजेड चांगला हवा. शंख उचलताना हातमोजे घाला. उंदरांच्या फुफ्फुसात राहणारा एक कृमी या गोगलगायीत वाढतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. उघड्या हाताने गोगलगायी वेचून त्याच हाताने भाकरी खाणं हा खरा धोका आहे. पालेभाजी नीट धुणं त्याच कारणाने गरजेचं.

ही आली कुठून

हिचं मूळ घर म्हणजे पूर्व आफ्रिकेची किनारपट्टी, मुख्यतः केनिया आणि टांझानियाचा भाग. तिथून मादागास्कर, मग १८०० च्या आसपास मॉरिशस आणि रियुनियन. मॉरिशसहून ती भारतात आली, आणि ही नोंद अगदी नेमकी आहे: १८४७ साली विल्यम हेन्री बेन्सन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि तिथल्या चौरंगी भागातल्या बागेत त्या सुटल्या. बेन्सन शंखांचा जाणकार होता, म्हणजे हा प्रताप अडाण्याचा नव्हे, अभ्यासकाचा! पुढे १९०० साली ती सिलोनला पोचली, मग मलाया आणि सिंगापूर. १९३० च्या दशकात तैवान आणि जपानी ताब्यातल्या पॅसिफिक बेटांवर ती खाण्यासाठी म्हणून नेली गेली. १९३६ मध्ये हवाईला. अंदमानात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी ताब्याच्या काळात. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात लोकांनी ती फ्रेंच खाद्यगोगलगायीला स्वस्त पर्याय म्हणून पाळायला घेतली. धंदा बसला आणि माल उकिरड्यावर गेला.

फ्लोरिडाचं उदाहरण तर प्रत्येक नर्सरीवाल्याने पाठ करावं. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी लपवून आणल्या. आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांहून जास्त सापडल्या आणि १९७५ पर्यंत चाललेल्या निर्मूलनावर दहा लाख डॉलरच्या वर खर्च झाला. २०११ मध्ये मायामी भागात ती पुन्हा निघाली. २०२१ मध्ये तिथून संपल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याच राज्याच्या दुसऱ्या भागात परत सापडली.

हा सगळा माग शास्त्रज्ञ काढतात कसा? एक धागा संग्रहालयांतल्या शंखांचा. शंखासोबतच्या चिठ्ठीवर जागा आणि तारीख असते. दुसरा धागा जनुकांचा, आणि त्यातलं तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे. जिथे एखादी जात हजारो वर्षं नांदते तिथे तिच्या डीएनएत विविधता भरपूर असते. जिथे मूठभर जीव आणून सोडले तिथे सगळी प्रजा त्या मूठभरांचीच लेकरं, त्यामुळे विविधता जवळजवळ नाहीच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या शंखी गोगलगायींच्या माइटोकॉन्ड्रियातला (पेशीतल्या एका भागातला) १६एस नावाचा डीएनएचा तुकडा ताडून पाहिला. पूर्व आफ्रिका आणि हिंदी महासागरातली बेटं इथे अनेक प्रकार निघाले. त्या बाहेर मात्र जवळपास सगळीकडे एकच प्रकार, आणि त्याचा उगम हिंदी महासागरातल्या बेटांकडे बोट दाखवतो. थोडक्यात, कलकत्ता असो की ब्राझील, बी एकाच टोपलीतलं.

त्यासाठी टोपलीही मोठी लागत नाही. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते. एकदा जुगली की मिळालेलं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि त्यावर पुन्हा पुन्हा अंडी घालते. एका खेपेला शंभरापासून चारशेपर्यंत अंडी. म्हणजे रोपाच्या पिशवीतून आलेली एकटी गोगलगायही गाव वसवायला पुरते.

नाशिकमधल्या वाटा

स्वतःच्या पोटावर सरपटून ही गोगलगाय एका हंगामात चार बांध ओलांडेल, तालुका नाही. तालुके ती आपल्या गाडीत बसून ओलांडते. महाराष्ट्रात २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबादमधल्या सोयाबीनची कोवळी रोपं तिने रातोरात फस्त केली तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. नाशिकमध्ये प्रश्न जास्त विखुरलेला आहे: गंगापूर रोडकडच्या बंगल्यांच्या बागा, मखमलाबादकडचे मळे, भाजीपाल्याच्या रोपवाटिका, झेंडू, कोबी, पपई, आणि ठिबकमुळे बारमाही ओल असलेल्या द्राक्षबागा.

वाटा साधारण चार. पहिली आणि सगळ्यात मोठी, मातीसकट येणारी पिशवीतली रोपं. शोभेची रोपं दूरदूरच्या नर्सरी पट्ट्यांतून ट्रकने येतात. पिशवीतल्या मातीत चार-पाच मिलिमीटरची, पिवळसर पांढरी अंडी साबुदाण्यासारखी दडलेली असतात आणि वरून पाहून काही कळत नाही. दुसरी वाट शेणखत आणि कंपोस्टची ट्रॉली. तिसरी वाट बांबू, दगड, जुनी फरशी, विटा. चौथी म्हणजे शेतात रात्रभर उघड्यावर ठेवलेले प्लॅस्टिक क्रेट. गोगलगाय क्रेटच्या तळाशी चिकटते, सकाळी क्रेट बाजार समितीत, तिथून दुसऱ्याच गावाला.

आपल्या बागेत ती कोणत्या वाटेने आली हे काढायला प्रयोगशाळा लागत नाही. पहिल्या पावसानंतरच्या एका रात्री, नऊच्या पुढे, बॅटरी घेऊन हद्दीच्या कडेकडेने एक फेरी आणि मग आतल्या ओळींतून एक फेरी मारा. कागदावर बागेचा ढोबळ नकाशा काढून दर वीस पावलांवर किती दिसल्या आणि केवढ्या, ते टिपा. फक्त मोठ्या, आणि त्याही फाटकाजवळ किंवा नवीन रोपांच्या वाफ्यात दिसत असतील तर आगमन ताजं आहे. हाताने वेचूनही काम होईल. सगळ्या आकाराच्या एकत्र दिसत असतील, आणि बांधाच्या दगडांत उन्हाने पांढरे पडलेले जुने रिकामे शंख असतील, तर ती काही वर्षांपासून नांदते आहे. संख्या एका बाजूच्या बांधाकडे चढत जात असेल तर शेजारच्या शेतातून आवक चालू आहे. अशा वेळी एकट्याने गोळ्या टाकणं म्हणजे दरवाजा उघडा ठेवून घर झाडणं. खतखड्ड्याभोवती दाटी असेल तर ट्रॉलीवाल्याला विचारा. फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, शंखाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा आणि फोटो आयनॅचरलिस्टसारख्या मोफत ॲपवर टाका. जात तपासून मिळते आणि नोंद तारखेसकट राहते. पुढच्या वर्षी तुलना करायला याच नोंदी उपयोगी पडतात.

आता गोळी

मेटाल्डिहाइड हे कोंड्यासारख्या आमिषात मिसळलेलं असतं. गोगलगाय वासाने येते आणि खाते. विष तिच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशींवर मारा करतं, त्या बेफाम स्राव सोडतात आणि अंगातलं पाणी निघून जाऊन ती मरते. हे नीट समजून घ्या, कारण गोळीचे सगळे गुणदोष यातूनच येतात. ती मरते ती कोरडी पडून. रात्री गोळी खाल्ली आणि सकाळी कडक ऊन पडलं तर खेळ खलास. पण सकाळी रिपरिप असेल तर अर्धवट विष खाल्लेली गोगलगाय पाणी शोषून घेते आणि पुन्हा चालू लागते. ‘गोळ्या टाकल्या, मेल्यासारख्या दिसल्या, संध्याकाळी गायब’ ही तक्रार बहुतेक वेळा यामुळे असते. औषध बोगस असतंच असं नाही.

मात्रा एकरी दोन किलो. नाशिकच्या भाषेत गुंठ्याला पन्नास ग्रॅम. चौरस मीटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे जमिनीवर पाहिलं तर ‘एवढ्याशाने काय होणार’ असं वाटण्याइतकं विरळ. तसंच हवं. आमच्या मते या गोळीच्या वापरातली सगळ्यात मोठी चूक ढीग घालण्याची आहे. मूठभर गोळ्या कोपऱ्यात टाकल्या की त्या दमट होऊन बुरशी धरतात. बुरशी लागलेल्या आमिषाकडे गोगलगाय फिरकत नाही, कुत्रं मात्र फिरकतं. पन्नास ग्रॅम किती होतात ते घरच्या काट्यावर एकदा मोजून एखाद्या जुन्या वाटीवर खूण करा. ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

वेळ: संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पाऊस नसेल तर आधी हलकं पाणी द्या, म्हणजे गोगलगायी बाहेर पडतील. जमीन ओलसर हवी, पाणी साचलेलं नको. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी पाऊस नसावा. नाशिक शहर, निफाड, सिन्नरकडे जुलैमध्येही अशा उघडिपीच्या रात्री मिळतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला आठवडाभर झड लागली तर गोळ्यांचा नाद सोडा आणि गुळाच्या गोणपाटांवर या, त्याबद्दल खाली आहेच.

जागा: सगळ्या शेतभर एकसारखं फेकण्यापेक्षा वरच्या नकाशाप्रमाणे. बांधाच्या आतून दोन-तीन फुटांचा पट्टा, रोपवाटिकेच्या वाफ्यांभोवती, खतखड्ड्याच्या कडेला, पाटाच्या काठाने. पालेभाजीच्या पानांत गोळ्या अडकू देऊ नका. कुंड्यांच्या बागेत कुंडीत टाकू नका. कुंड्यांच्या मागे, भिंतीच्या सांध्यात, मूल किंवा मांजर पोचणार नाही अशा अडोशाला दोन-चार गोळ्या पुरतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फेरी. फेस आलेल्या, सुस्त पडलेल्या सगळ्या वेचून मीठ किंवा साबण घातलेल्या पाण्याच्या बादलीत. ही पायरी गाळली की गोळीचा निकाल निम्म्यावर येतो. मेलेल्या गोगलगायी कोंबड्या-बदकांपुढे टाकू नका, विष त्यांच्यातही जातं. खड्डा करून वर चुना टाकून पुरा. रिकामे शंख उताणे पडू दिले तर त्यात पाणी साचून डास होतात.

अंड्यांवर ही गोळी काहीही करत नाही. अंडी दोन-तीन आठवड्यांत उबतात. त्यामुळे पहिल्या मात्रेनंतर साधारण तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते, तीही पुन्हा रात्रीची फेरी मारून, गरज असेल तिथेच. पिल्लं गोळीला लवकर बळी पडतात. जुन्या, जाड शंखाच्या गोगलगायींना थोडी गोळी खाऊनही सावरता येतं, म्हणून मोठ्या गोगलगायी हातानेच उचललेल्या बऱ्या.

हंगामाचं गणित असं: उन्हाळ्यात गोगलगाय शंखाचं तोंड चुनखडीच्या पडद्याने बंद करून दगडाखाली, भिंतीच्या फटीत, पालापाचोळ्यात झोपते. महिनोन्‌महिने अशी राहते. पहिल्या पावसाने जागी होते, खाते, जुगते, अंडी घालते. पहिला पाऊस आणि अंडी घालणं यांच्यामधला काळ हाच गोळीचा खरा काळ. ऑगस्टमध्ये पानं चाळणी झाल्यावर आणलेला पुडा निम्मंच काम करतो. आणि गोळीहूनही स्वस्त काम एप्रिल-मेमध्ये आहे: बांधावरचे दगड उलटायचे आणि झोपलेल्या शंख्या पोत्यात भरायच्या. औषध लागत नाही. ठिबकवरच्या द्राक्षबागेत खोडाशी ओल असल्याने त्या पूर्ण झोपत नाहीत, तिथे उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या काड्यांचे ढीग तपासा.

खरेदी करताना

पंचवटीत मार्केट यार्डाच्या आसपास किंवा आपल्या तालुक्याच्या गावी, परवानाधारक दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. पुड्यावर घटकाचं नाव, २.५ टक्के, उत्पादन आणि मुदतीची तारीख, बॅच नंबर हे सगळं वाचता आलं पाहिजे. पुडा हलवून पाहा. आत भुकटी जास्त झाली असेल तर माल जुना किंवा ओल लागलेला. सुट्या कागदात बांधून दिलेल्या गोळ्या कितीही स्वस्त असोत, घेऊ नका. छोटं पाकीट किलोच्या हिशेबात महाग पडतं, तरी गच्चीवरच्या बागेला तेच घ्यावं, कारण फोडलेला पुडा दमट हवेत टिकत नाही. उरल्यास हवाबंद डब्यात, वर ‘विष’ लिहून, कुलपात.

एक चाचणी घरी करता येते. बशीत ओलं गोणपाट घालून वर आठ-दहा गोळ्या ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी गोळी बोटाने उचलता येते की लगदा झाली? लगदा झाली तर तो माल फक्त कोरड्या रात्रींचा.

साडेतीनच गुण का

दीड गुण कापला त्याचं मुख्य कारण कुत्री. कोंड्याचा वास त्यांना आवडतो. गुंठ्याच्या पन्नास ग्रॅम गोळ्यांत सव्वा ग्रॅम मेटाल्डिहाइड असतं, आणि लहान कुत्र्याच्या जिवावर बेतायला तेवढं पुरू शकतं. काही तासांत अंग थरथरतं, झटके येतात, ताप चढतो. यावर ठरावीक उतारा नाही. वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यायचं आणि पुडा सोबत न्यायचा. ब्रिटनने पक्षी आणि प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळे २०२२ पासून उघड्यावरचा मेटाल्डिहाइडचा वापर बंद केला. आपल्याकडे गोळी विकली जाते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. घरात लहान मूल रांगतं असेल किंवा कुत्रं मोकळं असेल तर ही गोळी आणूच नका, एवढं सरळ आहे.

दुसरं, निर्यातीच्या द्राक्षांत. फळाशी संबंध नाही म्हणून चालतं, असं गृहीत धरू नका. त्या हंगामाच्या शिफारस केलेल्या औषधांच्या यादीत नाव आहे का ते आधी पाहा, नसेल तर बागेत गोळी नको. बांधावर राखेचा पट्टा आणि खोडाला दहा टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप. बोर्डो नाशिककरांना शिकवायला नको. पेस्टचा पट्टा खोडाभोवती सलग हवा, मध्ये फट राहिली की गोगलगाय तीच वाट धरते. तारा आणि बांबूचा आधार जमिनीला टेकत असेल तर तोही रंगवा, नाहीतर खोड सोडून ती बांबूवरून चढते.

बाकीचे उपाय, थोडक्यात

गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं हा सगळ्यात किफायतशीर उपाय आणि आमचा पहिला पसंतीक्रम. संध्याकाळी सात-आठ मीटरवर एक पसरा, उजाडायच्या आत उलटवून खालच्या गोगलगायी वेचा. पावसातही चालतं. ऊन वर येईपर्यंत थांबलात तर त्या पसार झालेल्या असतात. माणूस लागतो, हा एकच तोटा.

आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या मेटाल्डिहाइडपेक्षा कुत्र्यामांजरांना बऱ्याच सुरक्षित. खाल्ल्यावर गोगलगाय चरणं थांबवते आणि आडोशाला जाऊन काही दिवसांत मरते. प्रेतं समोर दिसत नाहीत म्हणून लोक ‘काहीच झालं नाही’ म्हणतात. कुंड्यांच्या बागेला आणि विषमुक्त भाजीला हीच घ्या; बहुधा मागवून घ्यावी लागते.

चुन्याचा चार इंची पट्टा किंवा राखेवर मोरचूद आणि कळीचा चुना दोनास तीन या प्रमाणात, हे कोरडं असेतोवर उत्तम. एका सरीने धुऊन जातं. तांब्याची पट्टी कुंडीला बरी, पानं कुंडीबाहेर भिंतीला टेकत नसतील तर. शेतात मीठ फेकणं बंद करा. मीठ बादलीत, जमिनीत नाही.

आणि कोणी तुम्हाला शिकारी गोगलगाय सोडण्याचा सल्ला दिला तर नकोच म्हणा. पॅसिफिक बेटांवर हा प्रयोग झाला. मूरेआ बेटावर १९७७ मध्ये सोडलेल्या शिकारी गोगलगायीने राक्षसी गोगलगाय सोडून तिथल्या स्थानिक जातींचाच फडशा पाडला.

वाट बंद करायची तर

नवीन रोप आणलं की पिशवीसकट बादलीत पाण्यात बुडवून तास-दोन तास ठेवा. आतल्या गोगलगायी वर चढतात. अंड्यांसाठी पिशवी सोडवून मुळांभोवतीच्या वरच्या दोन इंच मातीत बोट फिरवा. मग रोप तीन आठवडे बाकी बागेपासून दूर, फरशीवर ठेवा. या काळात राहिलेली अंडी उबतात आणि पिल्लं फरशीवर दिसतात. घाऊक माल घेणाऱ्याने नर्सरीत रोपाऐवजी जमीन पाहावी: रोपांच्या ओळींखाली चकाकणारे वाळलेले चिकट माग, पिशव्यांच्या तळाशी काळपट वळ्यावळ्यांची विष्ठा, कडेला रिकामे शंख. यातलं एक जरी दिसलं तरी ट्रक भरू नका, भाव कितीही पाडून दिला तरी.

शेणखत कडक उन्हाच्या दिवसांत पातळ पसरून, उलथून, मग शेतात. क्रेट रात्री जमिनीवर नकोत; एकावर एक रचून फळीवर, आणि गाडीत चढवण्याआधी प्रत्येकाचा तळ पाहायचा. बांबू आणि फरशी आणली की रचण्याआधी एकेक झाडून घ्यायची.

गच्चीवरच्या बागेला छोटं पाकीट आयर्न फॉस्फेटचं आणि एक हातमोज्यांची जोडी, एवढं पुरे. पाच गुंठ्यांच्या आतल्या भाजीमळ्याला गोणपाटं आधी, आणि पिल्लांची लाट आली तरच अडीचशे ग्रॅम मेटाल्डिहाइड. एकरभर सोयाबीन किंवा कोबी असेल आणि रात्रीच्या फेरीत सगळ्या आकाराच्या दिसल्या असतील, तर दोन किलोंचा हिशेब धरून मृगाच्या आधी खरेदी करा, पण शेजारच्या बांधवाल्याशी बोलून, दोघांनी एकाच संध्याकाळी टाकायच्या ठरवून.